बरणीकाकांची बेडकी

कॉलेजात त्यांना सगळे बरणीकाका म्हणत. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून काचेची कपाटं होती, त्यांत एकशे चाळीस बरण्या होत्या, आणि त्यांतल्या शंभरएक तरी काकांच्या हातच्या होत्या. मुलांना प्राध्यापकांची नावं तिसऱ्या वर्षापर्यंत पाठ होत नसत, पण बरणीकाका पहिल्याच आठवड्यात ओळखीचे होत. प्रात्यक्षिकात कात्री घसरून नको ती नस कापली गेली की धावून यायला प्राध्यापक जागेवर नसत. काका असत.

कागदोपत्री त्यांचा हुद्दा परिचराचा. म्हणजे टेबलं पुसा, ट्रे धुवा, फॉर्मालिन बदला आणि वर बोलणी खा. पण त्यांची खरी कला होती नसा भरण्याची. प्राणी मेला की त्याच्या नसा रिकाम्या पडून चपट्या होतात, कुठली कुठून कुठे जाते ते भल्याभल्यांना उमगत नाही. काका जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून घेत, एका वाटीत लाल रंग कालवत, दुसरीत निळा, आणि गार व्हायच्या आत पिचकारीने नसांत सोडत. हृदयातून निघणाऱ्या नसा लाल, परतणाऱ्या निळ्या. फक्त फुप्फुसाच्या नसांचं उलटं. तिकडे जाणारी निळी आणि येणारी लाल. दरवर्षी निम्मी मुलं तिथेच मार खात, आणि काका दरवर्षी म्हणत, "फुप्फुस म्हणजे धोबीघाट. जाताना मळकं, येताना धुतलेलं. एवढं लक्षात ठेवा की झालं."

बेडूक हा त्यांचा हातखंडा. बेडकाच्या हृदयात वर दोन खोल्या आणि खाली एकच. खालच्या खोलीत सुई घालायची, ती वरच्या जाड नळीपर्यंत सरकवायची, दोरा बांधायचा आणि रंग सोडायचा. त्या नळीत सुई दरवेळी कशाला तरी अडायची. पातळशी काहीतरी झिल्ली असायची आत. काका सुई बोटांत हलकेच पिळून ती मोडून घेत, मग रंग कसा सरळ धावे. फुप्फुसात, कातडीत, डोक्यात, मागच्या पायांच्या बोटांपर्यंत सगळीकडे सारखा. बरणी बंद करून झाकणावर मेण ओतलं की ते टाकाने, काळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरांत चिठ्ठी लिहीत. 'बेडूक. हृदय तीन खोल्यांचं. शुद्ध-अशुद्ध रक्त एकत्र मिसळतं.' ही चिठ्ठी त्यांनी वीस वर्षांत इतक्यांदा लिहिली होती की झोपेतही लिहिली असती.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. पोर नाजूक. दूध पिताना दमायची, कपाळावर घाम यायचा, रडली की ओठ जांभळे पडायचे. अकराव्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. निकाल सांगायला बोलावलं त्या दिवशी नेमकी बायको काविळीने अंथरुणाला खिळलेली, म्हणून काका पोरीला खांद्यावर टाकून एकटेच गेले. या एकटं जाण्याचं पुढे काय झालं ते कळेलच.

डॉक्टरांनी कोरा कागद ओढून चित्र काढलं. "माणसाच्या हृदयात चार खोल्या असतात. वर दोन, खाली दोन. खालच्या दोघींतली एक रक्त फुप्फुसांकडे ढकलते, दुसरी अंगभर. तुमच्या मुलीच्या हृदयात खाली मधली भिंतच नाही, एकच खोली आहे. दोन्हीकडचं रक्त तिथे एकत्र होतं."

काका चित्राकडे बघतच राहिले. ही खोली त्यांच्या ओळखीची होती. तिच्यात त्यांनी शेकडो वेळा सुई घातली होती.

"हे तर बेडकाचं हृदय," ते म्हणाले.

डॉक्टर दमलेले होते, बाहेर रांग लागलेली होती. ते किंचित हसले आणि म्हणाले, "तसंच काहीसं." मग त्यांनी शस्त्रक्रियेचं सांगितलं. एक नव्हे, दोन-तीन कराव्या लागतील. पहिली लगेच, दोन महिन्यांच्या आत, कारण आत्ता फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त जोराने घुसतंय, आणि असं चालू राहिलं तर तिथल्या बारीक नसा निबर होऊन बसतील. एकदा त्या निबर झाल्या की मग कुणालाच काही करता यायचं नाही. काकांनी विचारलं, धोका किती. डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. दहा मुलांतली तीन टेबलावरच जातात, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतरचं काकांच्या कानात शिरलंच नाही. दहातली तीन. खांद्यावर पोर झोपली होती, तिचा गरम श्वास त्यांच्या मानेला लागत होता. आणि मनात एकच घोळत होतं, की बेडूक जगतात. मिसळलेल्या रक्तावर जगतात, उड्या मारतात, पोहतात, पाच-सात वर्षं मजेत काढतात. काकांशिवाय हे त्या अख्ख्या दवाखान्यात कुणाला माहीत होतं? खरं तर ते घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला आधाराला काडी पुरते. काकांच्या हाताला बेडूक लागला. त्यांनी नकाराच्या कागदावर सही केली, आपल्या छापल्यासारख्या अक्षरांत.

घरी बायको उशीला टेकून वाट बघत होती. "काय म्हणाले?"

"काही करायची गरज नाही म्हणाले. बेडकासारखं हृदय आहे तिचं. जपायचं, दमवायचं नाही. बेडूक नाही का जगत?"

"डॉक्टर असं म्हणाले?"

"हो," काका म्हणाले. "तसंच काहीसं."

तिने डोळे मिटले आणि पहिल्यांदा त्या आठवड्यात तिला गाढ झोप लागली. मग खरं कसं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन महिने उलटले, आणि मग सांगण्यात काही अर्थच उरला नाही.

त्यातून दैवाने अशी थट्टा केली की पोर खरोखर सुधारली. दीड वर्षाची होता होता तिची धाप कमी झाली. दूध न थांबता प्यायला लागली, अंगाने भरली, चालायला लागली. काकांची छाती फुगली. आपण डॉक्टरांपेक्षा शहाणे निघालो, असं त्यांना वाटलं, आणि ते अर्ध्या हळकुंडाने चांगलेच पिवळे झाले. नंतर दहा वर्षांनी त्यांना कळलं की ती सुधारणा नव्हतीच. फुप्फुसांतल्या नसा निबर होत होत्या, म्हणून तिकडे रक्ताचा लोंढा कमी जात होता, म्हणून धाप कमी. दार बंद होत होतं आणि काका वारा थांबला म्हणून खूश होते.

पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं दोघांनी. आई घरात शिवणयंत्रावर शाळांचे गणवेश शिवायची. पोर शेजारी खुर्चीत बसून काजं-बटणं करायची. जिने चढायचे नाहीत, पळायचं नाही, थंडीत बाहेर नाही. शाळा कॉलेजच्या कुंपणाला लागूनच होती. सुटली की ती प्रयोगशाळेत यायची आणि पाच वाजेपर्यंत खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसायची. मुलं खेळायला जात त्या वेळी ती बरण्या बघायची. तिला कुणी तरी बेडकी म्हणायला सुरुवात केली. कुणी म्हणजे काकांनीच. आईला ते नाव मुळीच आवडत नसे. "पोरीच्या जातीला काय बेडकी," ती म्हणायची. पण पोरीने ते नाव मिरवलं. वर्गात कुणी तिचे ओठ निळे का म्हणून विचारलं की ती ऐटीत सांगायची, "माझं हृदय बेडकाचं आहे. माझ्या बाबांनी ओळखलं, डॉक्टरांच्या आधी."

तिला हृदयांचं वेड लागलं. रात्री जेवणं झाली की रोज एक प्राणी. काका सांगत, ती ऐके. माशाच्या हृदयात दोनच खोल्या. रक्त हृदयातून कल्ल्यांत, कल्ल्यांतून अंगभर आणि परत, एकच फेरी. गांडुळाला मानेशी हृदयांच्या चार-पाच जोड्या. मगर सरपटणारी असली तरी हृदय चार खोल्यांचं, आपल्यासारखं. चिचुंद्रीचं हृदय मिनिटाला हजारदा धडधडतं, देवमाशाचं दहा-वीसदा, कधी त्याहूनही कमी. आठ पायांच्या ऑक्टोपसला तीन हृदयं, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकीच्या अंगासाठी, आणि त्याचं रक्त निळं.

"खरंच निळं?"

"खरंच निळं."

"माझ्यासारखं," ती आपली नखं दिव्याखाली धरून म्हणायची. "मग मी बेडकी आणि थोडी ऑक्टोपस."

आई यंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "माणसाची पोर आहेस, तेवढं पुरे आहे. दूध संपव."

बेडकी बाराव्या वर्षात होती तेव्हा विभागात नव्या बाई आल्या. तरुण, चटपटीत, आणि जुन्या प्राध्यापकांना न आवडण्याइतक्या हुशार. त्यांनी बेडूक मारून प्रात्यक्षिक घेण्याऐवजी एक चित्रफीत दाखवायची ठरवली. काकांनी पडदे ओढले, भिंतीवर पांढरा कागद लावला. बेडकी स्टुलावर होतीच.

"हा बेडूक जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "क्ष-किरणांनी चित्रण केलंय. त्याच्या वरच्या एका खोलीत गडद द्रव सोडलाय. आता बघा तो कुठे जातो."

भिंतीवर हृदय आकसत होतं, सैल होत होतं. गडद धार खालच्या एकुलत्या खोलीत उतरली. काका मनात म्हणाले, आता पसरेल. ती पसरली नाही. एका बाजूच्या कडेने सरकली, नळीत शिरली आणि वळण घेऊन जवळजवळ सगळीच एकीकडे गेली. पुन्हा आकसलं, पुन्हा तसंच.

"पुस्तकं वर्षानुवर्षं लिहीत आली की बेडकाचं रक्त मिसळतं," बाई म्हणाल्या. "फारसं मिसळत नाही. खालच्या खोलीची आतली बाजू स्पंजासारखी आहे, ती दोन्ही धारा वेगळ्या धरून ठेवते. आणि वरच्या जाड नळीत एक पिळाची झडप आहे, पातळशी. शुद्ध रक्ताला ती डोक्याकडे वळवते, अशुद्धाला फुप्फुसाकडे आणि कातडीकडे. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, अंगाने थंड असतो, त्याला हवाही कमी लागते. तेव्हा त्याला बिचारा अर्धवट हृदयाचा समजू नका. त्याचं हृदय त्याच्यासाठी पुरतं आहे."

पातळशी झडप. काकांच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला ती आठवली. सुई पिळायची, ती मोडायची, मग रंग सगळीकडे सारखा. वीस-बावीस वर्षं त्यांनी बेडकाला विचारलं होतं तुझं रक्त मिसळतं का, आणि तेही मेलेल्या बेडकाला, त्याची झडप आधी मोडून. मेलेल्या हृदयात धारा कुठल्या? पिचकारीने ढकललं तिकडे जाणारच. विहिरीतल्या बेडकाला विहीर हाच समुद्र, असं म्हणतात. इथे बेडूक बरा होता, विहिरीत काका होते.

त्यांनी पडदे उघडले. दोरी दोनदा हातातून सुटली. मुलं पांगली. बेडकी बाईंच्या टेबलाशी उभी राहून काहीतरी विचारत होती आणि बाई वाकून हळू आवाजात उत्तर देत होत्या.

"काय विचारत होतीस?" घरी जाताना काकांनी विचारलं.

"काही नाही. पेन मागत होते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांना गाठलं. "काका, मुलीला अलीकडे कुणाला दाखवलंय? तिची नखं बघवत नाहीत मला. शस्त्रक्रियेचं कधी कुणी सुचवलं नाही?"

"नाही," काका म्हणाले, आणि ट्रे धुवायला वळले. तो ट्रे आधीच धुतलेला होता.

त्यांनी ठरवलं, या वेळीही एकटंच जायचं. पोरीला घेऊन गुपचूप दवाखाना गाठायचा, शस्त्रक्रिया करून घ्यायची, काय वाटेल ते होवो. पण त्याच आठवड्यात बेडकी शाळेच्या फाटकाशी चक्कर येऊन पडली, आणि दवाखान्यात नेताना तिची आई रिक्षात पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला घरी राहा म्हणायची कुणाची छाती होती?

तपासण्या दोन दिवस चालल्या. नव्या डॉक्टरीण बाईंनी जुनी फाइल तळघरातून मागवली होती. दोघांना समोर बसवून त्या पानं उलटत होत्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांना वाटलं की घरात सगळ्यांना माहीत असणार.

"फुप्फुसांच्या नसा पार निबर झाल्यात," त्या म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया केली तर ती उलट जिवावर बेतेल. औषधांनी त्रास थोडा कमी करता येईल. जास्त दिवस आहेत असं मी म्हणणार नाही." मग त्या एका पानावर थांबल्या. "अकराव्या महिन्यात केली असती तर गोष्ट वेगळी असती. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, इथे नोंद आहे. वडिलांनी नकार दिलाय."

बायकोने हात पुढे केला. "बघू."

पानावर सही होती. तिने ती वाचली नाही, नुसती बघितली. असं अक्षर शहरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तिच्या घरातल्या डब्यांवर त्याच अक्षरात चिठ्ठ्या होत्या. तिने फाइल मिटली, डॉक्टरीण बाईंचे आभार मानले आणि पोर होती त्या खोलीकडे चालू लागली.

चार दिवस ती काकांशी बोलली नाही. यंत्राचा आवाज तेवढा घरात. पाचव्या दिवशी बेडकी झोपल्यावर तिने यंत्र थांबवलं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू आजारी होतीस."

"दोन महिने होते तुमच्याकडे. मी दोन महिने आजारी नव्हते."

काका म्हणाले, "दहातली तीन जातात म्हणाले. मला भीती वाटली."

"मलाही वाटली असती. दोघं मिळून भ्यालो असतो." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर काकांना सोसलं असतं. "नाही म्हणायचं की हो म्हणायचं, मला माहीत नाही. कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. पण ते तुम्ही एकट्याने ठरवलंत, आणि मला इतकी वर्षं बेडकाच्या गोष्टी सांगितल्यात."

"मी तिला सगळं खरं सांगतो," काका म्हणाले. "तिची माफी मागतो. मला हे पेलवत नाही आता."

"नाही." ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला हलकं व्हायचंय, ते दुसरीकडे कुठे तरी व्हा. त्या पोरीकडे धड श्वास नाही, धड पाय नाहीत. तिच्याजवळ एकच गोष्ट आहे, की बाबांना सगळं कळतं. तेवढं तिच्याकडून काढून घेऊ नका. तुम्ही सांगायचं नाही. हीच शिक्षा समजा."

काकांनी मान हलवली. शिक्षा रास्त होती, म्हणून तर ती जास्त लागली.

बेडकीला घरी आणलं. खिडकीजवळ पलंग सरकवला, उशा रचून तिला टेकवून बसवलं, कारण आडवं झालं की तिचा जीव घाबरायचा. पाय सुजले होते. काकांनी रजा काढली. रोज संध्याकाळी ती म्हणायची, "आज कोण?" आणि काका एकेक प्राणी काढायचे. साप झाला, घोरपड झाली, कबूतर झालं. बेडकाचं नाव मात्र ते टाळत. एक दिवस तिनेच काढलं.

"बाबा, बेडूक जगतात ना?"

काकांनी दाराकडे पाहिलं. बायको औषधाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"जगतात की," ते म्हणाले. "चांगले जगतात."

"हो. पण त्यांच्यात झडप असते." ती थांबत थांबत, दोन शब्दांमागे एक श्वास घेत बोलत होती. "माझ्यात नाहीये. मी त्या दिवशी बाईंना विचारलं होतं, माणसात ती झडप असते का. त्या म्हणाल्या, नाही. मग मला कळलं की माझं बेडकाचं नाही. माझं नुसतंच चुकलेलं आहे."

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"मग तू बोलली का नाहीस?" काकांनी कसंबसं विचारलं.

"तू गोष्ट चांगली सांगत होतास. मध्येच कशाला बोलायचं." ती हसली. "आणि तुला झडपेचं माहीत नव्हतं ना. तुला वाईट वाटलं असतं."

सगळं ओठांशी आलं होतं; दवाखाना, चित्र, दहातली तीन, सही. आता सांगितलं तर ती माफही करेल, हे त्यांना दिसत होतं. इतकं जवळ होतं ते. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने मान हलवली, नाही म्हणून. काकांनी पोरीच्या सुजलेल्या पायांवरची चादर सारखी केली.

"आता दुसरं कुणाचं तरी सांग," बेडकी म्हणाली. "झुरळाचं सांग. ते राहिलंय."

"झुरळ." काकांनी घसा साफ केला. "झुरळाचं हृदय पाठीवर असतं. लांबच लांब. त्याला तेरा खोल्या."

"तेरा?"

"तेरा."

"मला धड चार नाहीत, आणि त्याला तेरा," ती म्हणाली. "असू दे. पुढे."

"त्याच्या अंगात रक्त नळ्यांतून फिरत नाही. हृदयातून निघालं की मोकळं सुटतं. पोट, पाय, सगळं त्यात भिजत पडलेलं असतं. आणि ते लाल नसतं, पाण्यासारखं असतं."

"मग हवा?"

"हवा रक्तातून जातच नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. तिथून बारीक नळ्या सगळीकडे जातात. हवा थेट पोचते."

"म्हणजे हृदय दमलं तरी त्याला गुदमरायला होत नाही."

"नाही होत."

"बरंय त्याचं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. बायको आत आली. त्या फाइलच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच काकांच्या शेजारी, पलंगाजवळच्या बाकावर बसली. दोघं पोरीच्या छातीकडे बघत होते.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, दूध अर्धं पिऊन ती गेली.

महिन्याने काका कामावर रुजू झाले. निघताना बायकोने डबा हातात देत विचारलं, "तिला काहीच सांगितलं नाहीत ना, शेवटपर्यंत?"

"नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं. तेवढंच.

परीक्षा जवळ आली होती. नव्या बाईंनी संकोचत सांगितलं की बेडकाची जुनी बरणी गळतेय, एक नवी लागेल, पण काकांना जमत नसेल तर राहू दे. काका म्हणाले, जमेल. त्यांनी जिलेटिन विरघळवलं, लाल रंग कालवला, वाटी कोमट पाण्यात ठेवली. मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचला, छाती उघडली. पाच-सहा मुलं भोवती गोळा झाली, कारण बरणीकाकांचा हात बघण्यासारखा असतो असं त्यांनी ऐकलं होतं.

खालच्या खोलीत सुई गेली. वर सरकली. नळीत जाऊन अडली.

काकांचा अंगठा आणि पहिलं बोट सवयीने पीळ द्यायला वळलं, आणि तसंच राहिलं.

"काका, काय झालं?" एका मुलीने विचारलं. "काही अडलंय का?"

"हो," काका म्हणाले. "झडप आहे."

"मग आता?"

काकांनी सुई अलगद मागे घेतली आणि ट्रेच्या कडेला ठेवली. मुलं वाट बघत उभी राहिली. काका दोन्ही हात टेबलावर टेकून बेडकाकडे बघत बसले, आणि वाटीतला लाल रंग हळूहळू गार होऊन थिजत गेला.